मोहाच्या दिवसांआधी

खामगाव,
माघ वद्य

चि. मुक्तास,


काल फोनवर निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. तुमच्याकडे रेंज येते-जाते आणि मला अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणजे दोन्हीकडून आनंदच. तरी एवढं कळलं की वरून पत्र आलंय, शाळेत ‘मानव-वन्यजीव संघर्ष : जनजागृती’ घ्यायचीय, प्रभातफेरी काढायचीय, घोषणा द्यायच्यात आणि फोटो ग्रुपवर टाकायचेत. तू विचारत होतीस, आत्या, तू ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला सगळी नोकरी काढलीस, तर मी पोरांपुढे काय बोलू?

प्रभातफेरी काढ. फोटोही टाक. वरून पत्र आलं की ते करावंच लागतं, त्यावर डोकेफोड करू नकोस. पण मोह पडायला आता तीन-चार आठवडेच राहिलेत. तुझ्या गावातल्या बाया मार्चात पहाटे टोपल्या घेऊन रानात शिरणार. त्यांच्या कामाचं काही करायचं असेल तर ते आत्ताच. म्हणून हे लांबण.

तुमच्या चंद्रपुरात सगळं बोलणं वाघाचं. ताडोब्यातल्या वाघांना नावं आहेत, त्यांच्यासाठी परदेशातून माणसं येतात. पण मोह वेचणाऱ्या बाईला एकटीला गाठून विचार, ती अस्वलाचं नाव आधी घेईल. वाघ बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो, अस्वलाला चाहूलच लागत नाही. त्याचे डोळे आणि कान जेमतेम, नाक मात्र तिखट. आणि ते नाक नेमकं वारुळात खुपसलेलं असतं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, फुंकर मारून, जोरात. हा आवाज रानात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. स्वतःच्याच आवाजात बुडालेल्या त्या जनावराला समोरून आलेलं माणूस दिसतं ते पाच-दहा हातांवर. मग ते पळत नाही, अंगावर येतं. वाघ-बिबट्याच्या शेजारात ते हजारो वर्षं जगलंय. हरणासारखं धावता येत नाही, आणि झाडावर चढावं तर बिबट्या मागोमाग चढतो. तेव्हा उलटून धावून जाणं एवढंच त्याच्या हाती राहिलं. त्यात पिल्लांवाली मादी असली तर बोलायलाच नको. पिल्लं तिच्या पाठीवरच्या झिपऱ्या धरून बसलेली असतात, ती घेऊन ती धावते.

पोरांना हे सगळं आधी सांग. ‘अस्वल दुष्ट आहे’ आणि ‘अस्वल आपला मित्र आहे’ या दोन्ही वाक्यांनी काही कळत नाही. ते घाबरट आहे, आंधळट आहे आणि त्याला बोटाएवढी नखं आहेत, हे कळलं की पुढचं निम्मं पोरं स्वतःच सांगतात.

आकडे हवे असतील तर एक सांगते, तुमच्या झाडीपट्टीच्या पलीकडच्याच मुलखाचा. छत्तीसगड वेगळं होण्याआधीच्या मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत ७३५ माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याची नोंद आहे. त्यांतली ४८ दगावली. म्हणजे बाकीची वाचली, असं कागदावर दिसतं. वाचली म्हणजे कशी, ते पुढे लिहिते.

आता लोकांच्या डोक्यात आधीपासून काय भरलंय ते बघ. वर्गात विचारलंस की अस्वल काय करतं, तर निम्मी पोरं ओरडतील, गुदगुल्या करून मारतं! हे मी प्रत्येक बॅचला ऐकलंय. त्यांच्या आज्या दरवेशाची आठवण काढतील. नाकात वेसण घातलेलं अस्वल दारात यायचं, डमरूवर डुलायचं, भित्र्या पोराला त्याच्या पाठीवर बसवायचं, चार केस ताइतात बांधून घ्यायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो खेळ बेकायदा ठरला, तरी शेवटचं नाचणारं अस्वल सुटायला २००९ उजाडलं. दात पाडलेलं, वेसणीला बांधलेलं अस्वल पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्यामुळे रानातलं अस्वलही लोकांना थोडं गमतीचंच वाटतं. तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांना तसं वाटणार नाही, त्यांना रान माहीत आहे. पण शाळेत आणि मोबाइलवर वाढलेल्या पोरांना वाटतं.

तिसरी गोष्ट आपण मास्तर मंडळीच शिकवतो. दोन मित्र आणि अस्वल. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडून राहतो, अस्वल त्याच्या कानाशी हुंगतं आणि निघून जातं. मैत्रीचा धडा म्हणून ठीक आहे. पण रानाकडेच्या शाळेत ती गोष्ट सांगून झाली की तिथेच थांबू नकोस. झाडावर चढलेला मित्र खरं तर वाचत नाही, कारण आपलं अस्वल मधासाठी सरळ खोड चढून जातं. पोरांना घेऊन एखाद्या झाडावरचे नखांचे ओरखडे दाखवून आण. आणि अस्वल लांब असताना आडवं पडणं हाही वेडेपणा, तेव्हा गुपचूप मागे सरायचं. पडून राहायची वेळ अगदी शेवटची, ते अंगावर आलंच तर. तेव्हाही गोष्टीतल्या चित्रासारखं उताणं नाही. पालथं पडायचं, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची आणि ते जाईपर्यंत हलायचं नाही. अस्वलाचा पंजा चेहऱ्याकडे जातो. चेहरा आणि मान वाचली तर बाकीच्या जखमा भरतात.

हे शब्दांनी सांगून उपयोग नाही. आमच्या गावात एक गुराखी आजोबा होते, डोक्यावरून कधी टोपी काढायचे नाहीत. त्यांना मी वर्गात बोलावलं. टोपी काढून त्यांनी पोरांना डोकं दाखवलं. कानापासून टाळूपर्यंत केस नसलेला, चकाकणारा पट्टा. मग ते फरशीवर पालथे पडले आणि म्हणाले, अस्सं पडायचं बरं का, ढुंगण वर करायचं नाही. पोरं हसली. मग सगळी पोरं रांगेने पालथी पडली, बोटं मानेमागे. त्यानंतर कुणाला विचारायची गरज राहिली नाही. तुझ्याही गावात असा एखादा माणूस असेलच. त्याला शोध, खुर्चीवर बसव, चहा दे आणि तू मागच्या बाकावर जाऊन बस.

तू मोबाइलवर इंग्रजी पुस्तिका उतरवून घेतल्यास असं म्हणालीस. त्या वाच, पण सांभाळून. त्या बहुतेक अमेरिका-कॅनडाच्या असतात. तिकडची अस्वलं वेगळी आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या. तिकडे सगळा भर कचऱ्याच्या डब्यावर, मोटारीत राहिलेल्या खाऊवर, तंबूत जेवण ठेवण्यावर. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर उलट मारा, असं तिथे सांगतात. इथल्या अस्वलाशी मारामारी करायला गेलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय. तिकडचं एक मात्र जशास तसं घे. अस्वलाला माणसाच्या अन्नाची चव लागली की ते अस्वल आणि ते गाव, दोघांचंही वाटोळं होतं. छत्तीसगडात महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीला चंडीमातेचं देऊळ आहे. संध्याकाळी तिथे अस्वलं प्रसादाला येतात, लोक हाताने नारळ भरवतात, मोबाइलवर शूटिंग चालू असतं. भक्तिभाव मला कळतो. पण तो व्हिडिओ तुझ्या गावातल्या तरुण पोरांनी शंभरदा पाहिलेला असणार, आणि उद्या एखादा बोराचा वाटा घेऊन अस्वलापुढे उभा राहील. त्याला वेळीच अडव.

आता मोह. तू अजून त्या दिवसांत तिथे राहिली नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते. मोहाची फुलं रात्र सरताना गळायला लागतात, पहाटेपासून सकाळपर्यंत टपटप पडत राहतात. गोड वास लांबवर जातो. अस्वलाला ती जिवापाड आवडतात. रात्रभर हिंडून ते पहाटे झाडाखाली येतं. बाईही त्याच वेळी येते. दोघंही खाली मान घालून वेचत असतात. पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून फलकावर लिहिलेलं असतं, ‘अंधारात जंगलात जाऊ नका’. फलक लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं की बाबा, ती हौसेने जाते का? उन्हं वर आली की फुलं गुरं खातात, हरणं खातात, उरलेली सुकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारीण वेचून नेते. रानातली झाडं काही गावांत घराघरांत वाटून दिलेली असतात, पिढ्यांपासून अमुक झाड अमक्याचं. तिथे बाई सावकाश गेली तरी तिची फुलं तिचीच. जिथे अशी वाटणी नाही तिथे जी आधी पोहोचेल तिची टोपली भरते. एकटीने सावध राहायचं ठरवलं, उजाडल्यावर गेली, की तिच्या घरी कमी मोह. हा सावधपणा तिला परवडत नाही. कितीही जागृती केली तरी परवडणार नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सावध राहणं एकेकट्याच्या गळ्यात मारलं की ते होत नाही. गावाने मिळून ठरवलं तर होतं. ग्रामसभेत ठराव झाला की सूर्य उगवेपर्यंत कुणीच झाडाखाली जायचं नाही, तर कुणाचंच नुकसान नाही, कारण शेजारीणही घरातच. किंवा झाडं वाटून घ्या. किंवा झाडाखाली जाळी बांधा. काही ठिकाणी बांधतात, फुलं जमिनीला लागत नाहीत, माती-कचरा नसल्यामुळे भावही बरा येतो आणि कुणाला पहाटे धावावं लागत नाही. शिवाय फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचीही गरज उरत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात रानाला लागणारे किती वणवे या पाला जाळण्यातून सुरू होतात, हे तुझ्या गावातला वनरक्षक तुला सांगेल.

बाहेरून येऊन सांगितलेली जागृती आणि गावाने आपली आपण केलेली अक्कलहुशारी यात फरक पडतो. तो बघायला लांब जायला नको, तुझ्या शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, २००९ सालचं. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यास गट चालवले. गावकरी आणि बाहेरची चार जाणती माणसं एकत्र बसायची, एकच प्रश्न घ्यायची, माहिती काढायची आणि सगळ्यांची सहमती झाल्यावरच ग्रामसभा निर्णय घ्यायची. मध काढताना पोळं कसं जपायचं, इथपासून त्यांनी अभ्यास केला. अस्वलाचा प्रश्न अशाच बैठकीचा आहे. आणि एक लक्षात ठेव, तुझ्या गावातली माणसं रानात चोरी करायला जात नाहीत. मोह, तेंदू, डिंक, बांबू यावर कायद्याने त्यांचा हक्क आहे. ‘जंगलात जाऊ नका’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवू नकोस. पोराच्या आईला त्याच्यासमोर गुन्हेगार ठरवल्यासारखं होतं.

सुरुवात नकाशापासून कर. मोठ्ठा, वर्गाच्या फरशीवर, खडूने. पोरांनाच काढू दे. घरं, बोडी, पांदण, मोहाची झाडं, तेंदूचा पट्टा, घाणेरीचं दाट रान, हातपंप, दिव्याचे खांब, कुठला खांब जळतो आणि कुठला नाही, आणि शौचाला कोण कुठे जातं तेही. त्यावर कोळशाने खुणा करू दे, कुठे अस्वल दिसलं, कुठे विष्ठा, कुठे फोडलेलं वारूळ. पोरांना खुणा ओळखायला शिकवशील तर ती भयंकर रमतात. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा उमटतो, फक्त नखांचे ठिपके बोटांच्या पुढे अंतर सोडून. विष्ठेत बोराच्या बिया, मोहाचा चोथा, वाळवीची चकाकणारी टरफलं. आमच्याकडे असा नकाशा काढला तेव्हा सगळ्या खुणा एका नाल्यापाशी गोळा झाल्या. नाल्याच्या वर मारुतीचं देऊळ, तिथल्या भंडाऱ्याच्या पत्रावळी आणि उरलेली बुंदी सगळी नाल्यात. वर्षानुवर्षं गाव म्हणत होतं, देवळाजवळ अस्वल फार. नकाशा बघून पंचांच्या तोंडचं पाणी पळालं. खड्डा खणून पत्रावळी पुरायला लागले. पोरांनी काढलेला नकाशा होता म्हणून ऐकलं, मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाई, तुम्ही शाळेचं बघा.

नकाशा आणखी एक काम करतो. जबाबदारी कुणाची ते दिसायला लागतं. शौचालय बांधलंय पण पाणी नाही, म्हणून बाया पहाटे नाल्याकडे जातात. खांब आहे, बल्ब नाही. आमच्या बुलढाण्यात शेतीची वीज रात्री यायची, माणूस रात्री दोनला मक्याला पाणी द्यायला जायचा आणि बांधावर अस्वल. आता दिवसा विजेसाठी सौर फीडर होताहेत, जिथे झाले तिथे रात्रीची ती फेरी चुकली. यातलं काहीही पोराला घोषणा शिकवून सुटत नाही. पण नकाशा ग्रामपंचायतीत नेऊन टेबलावर पसरता येतो.

रानात जाताना काय करायचं ते गावाला बहुतेक माहीत असतं, फक्त सवय मोडलेली असते. चार-पाच जणींनी मिळून जायचं, बोलत जायचं, काठी आपटत जायचं. लपून-छपून गेलं की गाठ पडते, आवाज करत गेलं की अस्वलच बाजूला होतं. गुजरातेत पाटणच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी काठीला घंटा लावून लोकांच्या हाती दिली, ‘घंटी काठी’ म्हणतात तिला. तुझी पोरं बैलाच्या घुंगरांची काठी एका दुपारी करतील. कार्यानुभवाचा तासही भरून निघेल. कानात इअरफोन घालून रानात जाणाऱ्या पोरांना मात्र तुझ्या आवाजात ओरड.

पण इथे गल्लत करू नकोस, अस्वलाचा धडा वाघाला लावू नकोस. तुझ्या भागात वाघ आहेत आणि तेंदूच्या हंगामात, म्हणजे मे महिन्यात, धोका त्यांचाच मोठा. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या, तू वाचलं असशील. वाघापुढे पालथं पडणं म्हणजे हातपाय बांधून देणं. त्याच्याकडे तोंड करून, उभ्याने, हात वर करून, ओरडत मागे सरायचं. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटू शकतं, म्हणून टोळीतली एक जण कायम उभी राहून चौफेर बघणारी हवी, पाळीपाळीने. तिचे तेवढे पुडके कमी भरतील, ते सगळ्यांनी मिळून भरून द्यायचे. हेसुद्धा परत गावानेच ठरवायचं. ताडोब्याच्या आजूबाजूच्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेत, वाघ आल्याचं कळलं की ती माणसांची गर्दी आवरतात. तुमच्याकडे दल असेल तर त्यांना शाळेत बोलव. वाघ बघायला जमलेल्या गर्दीने आजवर किती घोळ घातलेत त्याला गणती नाही.

बिबट्याचं थोडक्यात. लोक तुला म्हणतील, पकडून न्या. सगळे म्हणतात. जुन्नरला ते करून झालंय. २००१ पासून उसातले बिबटे पकडून लांब रानात सोडायला लागले, तर हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं आणि मोकळ्या जागेत दुसरं येऊन बसतं. पुढे मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने २०११ पासून वनखात्याने आणि नागरिकांनी मिळून वेगळ्या तऱ्हेने काम केलं. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की बिबट्या वस्तीत कमी येईल, पोरांना संध्याकाळी एकटं सोडू नका. तिथल्या वारली पाड्यांवर वाघोबाचं ठाणं आधीपासून होतंच. ती माणसं बिबट्याच्या शेजारात राहायला कुणाकडून शिकायला गेली नव्हती. तुझ्या गावातही कुठल्याशा झाडाखाली शेंदूर फासलेला वाघदेव असेल. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसू नकोस, तिथून बोलणं सुरू होतं.

आणि सगळ्यात आधी साप! वरून आलेल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणालीस. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, वाघ-अस्वल-बिबटे मिळून त्याच्या आसपासही येत नाहीत. पण साप मारतो तो गरिबाला, गुपचूप, अंथरुणात. त्याची बातमी होत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी पोट दुखतं म्हणून मांत्रिकाकडे नेतात. पोरांकडून एवढंच घोटून घे, की मच्छरदाणी चटईखाली खोचायची, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही, चावला तर बांधाबांध-कापाकापी न करता थेट दवाखाना. आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे की नाही ते तू स्वतः जाऊन बघून ये. प्रभातफेरीपेक्षा ते काम मोठं.

आता ते वाचलेल्यांचं. आमच्या गावात एक बाई होती. तरुण, दोन लेकरांची आई. बोरं वेचताना अस्वलाने ओरबाडलं. जीव वाचला, एक डोळा आणि अर्धं नाक गेलं. टाके पडले, घरी आली आणि मग कुठल्याही लग्नाला, हळदीकुंकवाला दिसली नाही. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, पोरं तिला ‘अस्वलीची’ म्हणायची. मी तेव्हा त्या पोरांना छडीने सरळ केलं आणि ते योग्यच केलं असं मला आजही वाटतं, नियम काहीही म्हणोत. भरपाई मिळते गं. मृत्यूला २०२२ साली ती २० लाख झाली, पुढे वाढलीही. जखमींनाही मिळते. पण पंचनामा, दाखला, अर्ज, बँक यांत माणूस थकतो. घटना घडली की त्याच दिवशी वनखात्याला कळवायचं, १९२६ हा फुकट नंबर आहे, दवाखान्यातला प्रत्येक कागद जपायचा. हा अर्ज लिहून देणं गावात तुलाच जमेल. चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात होते हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसतं. तेही तूच सांग, आणि शक्य झालं तर एकदा सोबत जा.

तुझ्या वर्गात असं एखादं लेकरू असेल तर त्याला अस्वलाचा धडा सुरू व्हायच्या आधी बाजूला घेऊन विचार, तुला वर्गात बसायचंय का. बसायचं नसेल तर मैदानावर पाठव.

बाकी इकडे ठीक. दादाचा गुडघा तसाच आहे, औषध घेत नाही आणि घेतलं असं सांगतो. तुझी आई म्हणते पोरगी कुठे जंगलात जाऊन पडलीय. तिला फोन करशील तेव्हा वाघाचं बोलू नकोस, पगार वेळेवर होतो एवढंच सांग.

ग्रामसभा कधी आहे ते कळव. मोहाच्या वेळेचा ठराव मांडायचा असेल तर तू मांडू नकोस, बचत गटातल्या एखाद्या बाईकडून मांडून घे, आणि सभा दुपारी ठेवायला सांग, सकाळी बाया येत नाहीत. नकाशाचा फोटो पाठव. फोटो अंधूक आला तरी चालेल, मी चष्मा लावून बघेन.

तुझी,
आत्या